जुने गोवे: पाऊण तासाची बसफेरी घ्यावी की स्वतः जावे?

'साउथ गोवा' बसफेरी सकाळी कळंगुटहून किंवा पणजीहून निघते, जुन्या गोव्यात गांधी सर्कलच्या आसपास माणसे उतरवते आणि पाऊणएक तासात त्यांना परत चढवून मंगेशीची वाट धरते. त्यातला निम्मा वेळ बॉम जीझस या चर्चच्या रांगेत जातो. मग लांबून संत फ्रान्सिस झेवियरच्या देहाची चांदीची पेटी, रस्ता ओलांडून से कॅथेड्रलच्या हिरवळीवर फोटो, एक शहाळे, की हॉर्न वाजलाच. तिकीट स्वस्त असते आणि गाडी चालवायची कटकट नसते, एवढी जमेची बाजू. जुन्या गोव्यापुरते बोलायचे तर ही फेरी घेऊ नये. युनेस्कोने १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या सात वास्तूंपैकी त्यात दोनच होतात, आणि त्या दोन्हीही अर्ध्याच.

फेरीचा खरा दोष मात्र वेळेचा नाही. उतरलेल्या माणसाला सगळी चर्चे एकसारखी वाटतात, कारण दारावरचा संत कोणाचा हे कोणी सांगत नाही. जुन्या गोव्यात बहुतेक मोठ्या इमारती एकेका धर्मसंघाच्या, आणि प्रत्येक संघाने आपल्या घरातला संत पुढे केला. फ्रान्सिस्कनांनी असिसीचा फ्रान्सिस, ऑगस्टिनियनांनी ऑगस्टिन, थिएटाइनांनी काजेतान. जेझुइटांच्या चर्चचे नाव बाळ येशूचे, पण वेदीवर त्यांचा संस्थापक इग्नेशियस लोयोला. कॅथेड्रल आर्चबिशपचे, त्याचे नाव तारखेवरून आले: २५ नोव्हेंबर १५१० ला पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवे घेतले, तो दिवस अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनचा होता.

संघ कळला की इमारत आज उभी का आणि पडलेली का, हेही कळते. जेझुइटांना पोर्तुगालने १७५९ मध्ये हाकलले, उरलेले संघ गोव्यात १८३५ साली बंद झाले. ज्या चर्चला दुसरा वाली मिळाला ते टिकले. ऑगस्टिनियनांच्या चर्चला तो मिळाला नाही. गोव्याच्या पावसात चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) इमारतीचे छप्पर काही वर्षे कोणी शाकारले नाही तर काय होते, ते मोन्ते सांतोच्या टेकडीवर दिसते.

आता स्वतः कसे जायचे ते. पणजीच्या कदंब स्टँडवरून जुने गोवे दहा किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. रायबंदरमार्गे जाणारी बस घ्यावी. बायपासपेक्षा वेळ जास्त लागतो, पण ती पोर्तुगीजांनी १६३०च्या दशकात बांधलेल्या तीनेक किलोमीटरच्या बांधावरून जाते. एका हाताला मांडवी, दुसऱ्या हाताला मिठागरे. रेल्वेने येणाऱ्यांनी करमळीला उतरावे, तिथून रिक्षा किंवा पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी. मोबाइलच्या नकाशात 'गोवा वेल्हा' टाकू नका. ते गाव पणजी–मडगाव महामार्गावर पिलारजवळ आहे आणि तिथे पोचल्यावर सगळे पुन्हा उलटे यावे लागते. हा घोळ टॅक्सीवाल्यांच्या नव्हे, प्रवाशांच्या हातून होतो.

वेळेचे गणित सोपे आहे. बसफेऱ्या साडेदहा ते एकच्या दरम्यान येऊन आदळतात. म्हणून सकाळी नऊला आधी बॉम जीझस आतून पाहून घ्यावे आणि बसा यायच्या आत टेकडी चढावी. बाहेरचा फोटो त्या वेळी काढायच्या भानगडीत पडू नये. दर्शनी भिंत पश्चिमेकडे असल्याने सकाळी ती सावलीत काळपट दिसते आणि चारनंतर चिऱ्याचा तांबडा रंग उठून येतो. से कॅथेड्रलचे तोंड पूर्वेला, तिथे उलट हिशेब. रविवारी सकाळी मिसा (चर्चमधल्या सामुदायिक प्रार्थना) असतात, तेव्हा पाहुण्यांनी साडेदहानंतर यावे. पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद, त्यामुळे शुक्रवार टाळलेला बरा. पेहरावाचे बोलायचे तर खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बीचवरून थेट येणाऱ्यांनी पिशवीत एक ओढणी नाहीतर लुंगी टाकावी. फ्लॅश मारू नये, आणि वेदीला पाठ करून पोझ देणाऱ्यांना तिथले राखणदार हटकतात, ते योग्यच आहे.

बॉम जीझसचे काम २४ नोव्हेंबर १५९४ ला सुरू झाले आणि १५ मे १६०५ ला ते पवित्र केले गेले. आत शिरल्यावर गायकांच्या सज्जाखाली एका खांबावर हे कोरलेले आहे. बहुतेक लोक त्याच्याशेजारून पुढे पळतात. दर्शनी भिंतीच्या वर त्रिकोणी भागात आयएचएस ही अक्षरे: जेझुइटांची मोहोर. हीच मोहोर पुढे वेदीवर इग्नेशियसच्या नजरेसमोर दिसेल. तो सोनेरी, भला मोठा, आणि त्याच्या पायाशी छोटासा बाळ येशू. चर्च ज्याच्या नावाचे तो लहान आणि संघाचा संस्थापक मोठा, यावरूनच कोणाच्या घरात आलो ते समजावे.

जेझुइट धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियरची समाधी वेदीच्या उजव्या हाताच्या दालनात आहे. इथे घाई केली की सगळे वाया जाते. लोक मान वर करून पेटीतला चेहरा शोधत राहतात. तो उंचावर आहे, काचेआड आहे आणि साध्या डोळ्यांना फारसे काही दिसत नाही. त्याऐवजी नजर खालून वर न्यावी. खालचा संगमरवर आणि जास्परचा चबुतरा इटलीतला: टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याने दिलेला, फ्लॉरेन्सचा शिल्पकार फॉजिनी याने दहा वर्षे खपून केलेला आणि १६९८ साली इथे जोडलेला. त्याच्या चारी बाजूंना ब्राँझचे चार पट आहेत. एकात झेवियर मोलुक्का बेटांत उपदेश करतोय, एकात बाप्तिस्मा देतोय, एकात पाठलाग करणाऱ्यांपासून निसटतोय, आणि शेवटच्यात चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर मरतोय. वरची चांदीची पेटी मात्र पूर्ण गोव्याची. ती १६३७ सालची, स्थानिक सोनारांनी घडवलेली, चरित्रातल्या बत्तीस प्रसंगांच्या पट्ट्यांसह. दालनाच्या समोर दोन-तीन पावले मागे, तिरके उभे राहिले तर पेटीची लांब बाजू आणि आखूड बाजू एकदम दिसतात. लहान दुर्बीण असेल तर जरूर न्यावी. मेदिचींचा दगड आणि गोव्याच्या सोनाराचे काम एकावर एक ठेवलेले पाहायला मिळते, आणि कारागिरीत सोनार कमी पडत नाही हे लक्षात येते.

तारखा एकदा लावून घ्याव्यात, कारण गाइडांच्या तोंडी त्या गडबडतात. झेवियर ६ मे १५४२ ला गोव्यात आला, ३ डिसेंबर १५५२ ला वारला, त्याचा देह मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्यात पोचला आणि १६२२ साली त्याला संतपद मिळाले. उजवा हात कोपरापासून खाली १६१४ साली रोमला नेला, तो तिथल्या जेझुइट चर्चमध्ये आहे. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारे न्यायासन, त्यानेच सुरू केले, असे सर्रास सांगितले जाते. त्याने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला तशी मागणी करणारे पत्र लिहिले होते हे खरे, पण न्यायासन गोव्यात आले १५६० साली, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. दोन्ही गोष्टी सांगणारा गाइड मिळाला तर त्याला ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त द्यावेत.

बाहेरच्या भिंतीबद्दल एक तक्रार. बाकीची चर्चे पांढरी आणि हे एकटेच लाल का, याचे कारण सौंदर्यदृष्टी नाही. १९५०च्या दशकात जीर्णोद्धाराच्या नावाखाली चुन्याचा गिलावा खरवडून काढला. चिरा सच्छिद्र असतो, गिलावा हेच त्याचे पावसाळी कातडे. तो गेल्यावर दर पावसाळ्यात पाणी आत मुरते, दगड भुसभुशीत होतो, कोपरे झडतात. हाताने भिंत चाचपू नये, बोटाला भुकटी लागते. दर्शनी भिंतीवरच्या कोरीव कामाचा गडद दगड मात्र वेगळा: तो वसईकडून आणलेला बेसॉल्ट, म्हणून त्याच्या कडा अजून धारदार आहेत. लाल बॉम जीझस फोटोत छान दिसते आणि ते तसेच राहावे असे अनेकांना वाटते. इमारतीच्या हिताचे ते नाही.

बाहेर मेणाचे विक्रेते बसतात. त्यांच्याकडे साध्या मेणबत्त्यांबरोबर मेणाचे हात, पाय, डोके, तान्हे मूल, कधी घरसुद्धा असते. ज्या गोष्टीसाठी नवस, तिचा आकार वाहायचा. पेटवायची मेणबत्ती आत नेता येत नाही, बाहेर नेमलेल्या जागी लावायची. घ्यायचीच असेल तर पहिल्याने हाक मारली म्हणून घेऊ नये, तीन टोपल्या पाहाव्यात.

बॉम जीझसवरून पश्चिमेला मोन्ते सांतोच्या चढाला लागले की दहाएक मिनिटांत ऑगस्टिनचा मनोरा. इथे बसफेरीवाले येत नाहीत, आणि जुन्या गोव्यातली सगळ्यात पाहण्यासारखी जागा हीच. ऑगस्टिनियन १५७२ मध्ये गोव्यात आले, हे चर्च त्यांनी १६०२ च्या सुमारास पुरे केले. संघ गेल्यावर १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, १९३१ साली दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला. आज उरलेला मनोरा सुमारे ४६ मीटर उंच आहे, उभा चिरल्यासारखा. त्यातली मोठी घंटा आधी आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि १८७१ पासून पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चवर आहे. त्या चर्चचा फोटो काढणारे हजारो, घंटा कुठली हे विचारणारा विरळा.

मनोऱ्याला एक चक्कर मारून परत फिरू नये. मागे पूर्ण चर्चचा आराखडा जमिनीवर उलगडलेला आहे: आठ लहान चॅपेलांच्या भिंती, वेदीचा उंचवटा, जमिनीत बसवलेले थडग्यांचे दगड, आणि इथेतिथे भिंतीला चिकटून राहिलेले निळ्या-पिवळ्या फरशांचे तुकडे. छप्पर असलेल्या चर्चमध्ये आराखडा कळत नाही, इथे पावलांनी मोजता येतो. २००४ साली पुरातत्त्व खात्याला याच अवशेषांत हाताचे हाड सापडले. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये शिराझला शाह अब्बासच्या हुकमाने मारली गेली. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गोव्यात आणल्याची नोंद होती. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत डीएनए तपासणी झाली, निष्कर्ष जुळला, आणि २०२१ च्या जुलैत भारताने ते अवशेष जॉर्जियाला दिले. ती ऑर्थोडॉक्स चर्चची संत. कॅथलिक मठात शोधलेली, भारतीय प्रयोगशाळेत ओळखलेली. इथे उभे राहून हे कोणी सांगितले नाही तर समोर फक्त दगडांचा ढीग दिसतो.

पावसाळ्यात या आवारात चपला टिकत नाहीत. चिऱ्यावर शेवाळ धरते आणि थडग्यांचे गुळगुळीत दगड त्याहून घसरडे. मागे पट्टा असलेले सँडल घालावेत. मार्च ते मे सावली नावाला नाही, दहाच्या आत उरकावे. स्वच्छतागृहाचे काम खालीच आटोपून वर यावे, पाणीही बरोबर घ्यावे.

मनोऱ्यासमोर सांता मोनिकाचा मठ. मोनिका ही ऑगस्टिनची आई, मठ ऑगस्टिनियन जोगिणींचा, तेव्हा आई आणि मुलगा समोरासमोर आहेत ते योगायोगाने नाही. मठ १६०६ ते १६२७ या काळात उभा राहिला. इथल्या चॅपेलात ख्रिस्ती कला संग्रहालय आहे, जे १९९४ मध्ये राशोलला उघडले आणि २००२ मध्ये इथे हलवले. मोठ्या डागडुजीनंतर ते २०२२ साली पुन्हा सुरू झाले. संपूर्ण जुन्या गोव्यात तिकिटाचे पैसे सर्वांत जास्त वसूल करून देणारी जागा हीच, हे ठासून सांगावेसे वाटते. मांडणी नीट, प्रकाश योग्य ठिकाणी, वस्तूशेजारची माहिती वाचता येईल एवढ्या अक्षरांत. हस्तिदंती बाल येशू, चांदीची पात्रे, कशिद्याचे पाद्र्यांचे झगे. हस्तिदंतातल्या बाळाच्या कुरळ्या केसांकडे आणि चेहऱ्याच्या ठेवणीकडे नीट पाहावे: मागणी पोर्तुगीज, हात इथला. पाऊण तास द्यावाच. टेकडीच्या टोकाला रोझरीच्या मातेचे चर्च आहे. ते जुन्या गोव्यातल्या सर्वांत जुन्या चर्चांपैकी, आणि तिथून मांडवी व दिवाडी बेट दिसते. दहा मिनिटे पुरतात.

जेवायला खाली यावे. बसस्टँडच्या आसपासच्या साध्या हॉटेलांत पातळ भाजी-पाव, मिरची भजी आणि दुपारचे शीत-कडी-मासे मिळतात. चवीसाठी मुद्दाम जावे असे काही नाही, पोट भरते. कोकमाची सोलकढी ताजी असेल तरच घ्यावी.

दुपारी से कॅथेड्रल. बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले आणि मुख्य इमारत १६१९ पर्यंत चालली. लांबी सुमारे ७६ मीटर. समोर उभे राहिल्यावर डावीकडे एकच मनोरा दिसतो. उजवीकडचा १७७६ मध्ये पडला आणि पुन्हा बांधला नाही. उरलेल्या मनोऱ्यात 'सोन्याची घंटा', गोव्यातली सर्वांत मोठी. सोने तिच्या नादात, धातूत नाही. आत मुख्य वेदीवर कॅथरिनच्या चरित्राचे सोनेरी पट आहेत. ते ओळखायला तिची खूण माहीत हवी: मोडलेले चाक आणि तलवार. तिला चाकावर मारायचे ठरले, चाक मोडले, मग शिरच्छेद झाला, अशी कथा. गाइडने 'सिएनाची कॅथरिन' म्हटले तर त्याला नम्रपणे थांबवावे. ती चौदाव्या शतकातली इटालियन, तिचा या चर्चशी संबंध नाही. प्रवेशाजवळचे बाप्तिस्म्याचे पात्र १५३२ चे, म्हणजे इमारतीपेक्षाही जुने.

खुणांचा विषय निघालाच आहे तर बाकीच्याही सांगून टाकू, कारण त्या गोव्यातल्या कुठल्याही गावच्या इगर्जीत (चर्चमध्ये) उपयोगी पडतात. तपकिरी झगा, कमरेला गाठी मारलेली दोरी आणि तळहातांवर जखमा: असिसीचा फ्रान्सिस. काळा पायघोळ झगा, वर आखूड पांढरा अंगरखा, हातात क्रूस: झेवियर. हातात पेटलेले हृदय: ऑगस्टिन. दोरीचा झगा पण कडेवर बाळ आणि हाती लिलीचे फूल: अंतोन. अंगात बाण: सेबास्तियान. हाती लोखंडी जाळी: लॉरेन्स, ज्याला त्या जाळीवर भाजून मारले. कोकरू: बाप्तिस्मा करणारा योहान. दोन फ्रान्सिसांची गल्लत सर्वांत जास्त होते. त्यांच्यात तीनशे वर्षांहून जास्त अंतर आहे. असिसीचा १२२६ साली वारला, त्याचा सण ४ ऑक्टोबरला. झेवियरचा ३ डिसेंबरला.

असिसीच्या फ्रान्सिसचे चर्च कॅथेड्रलच्या पाठीला पाठ लावून उभे आहे, तोंड पश्चिमेला. कॅथेड्रल पाहून समोरूनच परत फिरणाऱ्यांना ते दिसतही नाही. इमारतीला वळसा घालून मागे जायचे. सध्याचे चर्च १६६१ चे, पण दरवाजा त्याआधीच्या चर्चचा ठेवला आहे: गडद दगडात कोरलेला, पांढऱ्या भिंतीत लगेच वेगळा पडणारा. आत पायाखाली बघत चालावे. जमीन थडग्यांच्या दगडांनी फरसबंद केलेली आहे, त्यांवर घराण्यांची चिन्हे, शिरस्त्राणे आणि पोर्तुगीज मजकूर. भिंतींवर लाकडी फळ्यांवर रंगवलेले असिसीच्या फ्रान्सिसचे चरित्र. रंग अंधुक आहेत, डोळे सरावायला पाच मिनिटे द्यावी लागतात.

त्याला लागून जुन्या मठात पुरातत्त्व संग्रहालय. तिकीट किरकोळ. व्हाइसरॉयांच्या तसबिरींचे दालन नावाजलेले आहे, पण दोनेक डझन दाढ्या पाहिल्यावर कंटाळा येतो. मराठी वाचकाने वीरगळ आणि सतीशिळांपाशी जास्त थांबावे, पोर्तुगीजांच्या आधीचे गोवे तिथे भेटते. काही शिळांवरच्या लढाया होड्यांतून चाललेल्या आहेत, वल्ह्यांच्या रांगा मोजता येतात. बाहेर पश्चिमेला कॅथरिनचे लहानसे चॅपेल, आल्बुकेर्क शहरात शिरला त्या जागेच्या आठवणीचे. आत बहुधा काही नसते, बाहेरून पाहून पुढे जावे.

काजेतानचे चर्च सगळ्यात कमी गर्दीचे. थिएटाइन पाद्री खरे तर गोवळकोंड्याला निघाले होते, तिथे थारा मिळाला नाही म्हणून १६४० मध्ये गोव्यात स्थिरावले. इटालियन असल्याने त्यांनी रोमच्या सेंट पीटर्सचा नमुना घेतला, आणि म्हणूनच आत मध्यभागी घुमट आहे, जो बाकीच्या चर्चांत नाही. घुमटाच्या बरोबर खाली झाकलेली विहीर आहे. आवाराबाहेर रस्त्यालगत आदिलशहाच्या वाड्याचा बेसॉल्टचा दरवाजा, दोन खांब आणि वरचा आडवा दगड एवढाच उरलेला. त्याच्या पुढे नदीकडे उतरले की व्हाइसरॉयची कमान आणि दिवाडीची फेरीबोट. संध्याकाळी वेळ असेल तर बोटीने पलीकडे जाऊन यावे, पाण्यावरून से आणि काजेतान एका रेषेत दिसतात.

जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजची फक्त कमान उरली आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये इथे आला. त्याच जेझुइटांपैकी फादर स्टीफन्स यांनी पुढे मराठी ओव्यांत ख्रिस्तचरित्र रचले, ते १६१६ साली राशोलला छापले गेले. कमान पाहायला मुद्दाम थांबण्यासारखे फार नाही, पण हे ठाऊक असेल तर मराठी माणूस थांबतो.

२४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर सायबाच्या, म्हणजे झेवियरच्या, फेस्ताचे (सणाचे) दिवस. तेव्हा वरचे सगळे वेळापत्रक विसरावे. नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना, शेवटी मोठी मिसा उघड्या मांडवात, आणि सावंतवाडी, बेळगाव, कारवारकडून पायी येणारे जथे. गाडी लांब लावावी लागते. इमारती पाहायच्या असतील तर हे दिवस चुकवावेत. जत्रा, खाजे आणि माणसे पाहायची असतील तर हेच दिवस गाठावेत. देह खाली आणून दर्शनाला ठेवायचा सोहळा दर दहा वर्षांनी होतो. मागचा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ झाला, त्या हिशेबाने पुढचा २०३४ मध्ये.

दुसरा दिवस हाताशी असेल तर संतांच्या नावाची दोन ठिकाणे जोडावीत. तळावलीचे सांत आनाचे चर्च पिलारजवळ आहे, १६८१ ते १६९५ या काळात बांधलेले. दर्शनी भिंतीच्या डौलात ते जुन्या गोव्यातल्या कुणालाही हार जात नाही. ते पाहायला मिसेच्या वेळी जावे, एरवी दार लावलेले सापडायची शक्यता जास्त. जुलैअखेर इथे तवशांचे फेस्त असते. मूल व्हावे म्हणून जोडपी काकड्या वाहतात, बायको मिळावी म्हणून मुलगे डाव (पळी), नवरा मिळावा म्हणून मुली उडीद. बाहेर ढिगाने काकड्या विकायला असतात, त्या भर पावसात घ्यायच्या, म्हणून छत्रीपेक्षा रेनकोट बरा.

दुसरे सांकवाळ. गोव्यात जन्मलेला पहिला संत जुझे वाझ, जन्म १६५१ साली बाणावलीला, वडिलांचे गाव सांकवाळ. डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातलेली असताना १६८७ मध्ये तो मजुराच्या वेशात श्रीलंकेत शिरला आणि १७११ साली कँडीला वारला. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ ला कोलंबोत त्याला संत घोषित केले. सांकवाळला १८३४ च्या आगीत जळालेल्या चर्चची एकटी दर्शनी भिंत उभी आहे, झरोक्यांतून पलीकडचे आकाश दिसते. कुठ्ठाळी–वास्को मार्गावरची बस जवळ सोडते, पुढचा रस्ता विचारत जावा लागतो. १६ जानेवारीच्या फेस्ताला गर्दी असते, पण तेव्हाच आजूबाजूची दुकाने उघडी मिळतात आणि परतीच्या बसचीही फार वाट पाहावी लागत नाही.